ऐकताना हात स्वस्थ होते म्हणून नाकारलेल्या तासांबाबत

प्रति,
मा. वाद निवारण अधिकारी,
तासिक कामे व देयके कक्ष,
ऑनलाइन कामांचे व्यासपीठ, मुख्य कार्यालय.

विषय : ऑडिओबुक ऐकण्याच्या कामाचे सर्व तास नाकारून फक्त दहा मिनिटे मंजूर केल्याबाबत, आणि ती दहा मिनिटे परत घेण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला एका ओळीचा निर्णय. (२) त्यावर अर्जदाराने पाठवलेले तीन ई-मेल. (३) आपले म्हणणे आमच्यासाठी मोलाचे आहे, अशी त्या तिन्ही ई-मेलना आलेली एकाच मजकुराची उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार ऑडिओबुके तपासतो. पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित झाले की प्रसिद्ध होण्याआधी तो ते हेडफोन लावून ऐकतो, मांडीवरच्या छापील पानांशी ताडून पाहतो आणि चुकीपाशी पेन्सिलीने खूण करतो. प्रकरण संपले की सगळ्या चुका एकदम मोबाइलवर टाइप करून ग्राहकाला पाठवतो. या कामात मान खाली असते आणि हात स्वस्थ असतात. मागून पाहणाऱ्याला डुलकी लागल्यासारखी वाटते. घरी मागून पाहणारी अर्जदाराची आत्या आहे.

२. आपली नोंदयंत्रणा दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो घेते, कळा किती दाबल्या आणि माउस किती हलला हे मोजते. कान किती चालले हे मोजण्याची सोय तिच्यात नाही. ग्राहकाने अहवाल पाहून हरकत घेतली आणि आपण अर्जदाराला 'निष्क्रिय' ठरवले. तो शब्द आता त्याच्या पानावर, फोटोच्या खाली, लाल अक्षरांत झळकतो. तेव्हापासून एकाही नव्या ग्राहकाने त्याला विचारलेले नाही.

३. आत्याला संगणक येत नाही, पण लाल अक्षरे वाचता येतात. अर्जदार दिवसभर करतो काय, हा तिचा जुना प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या कार्यालयाने परस्पर देऊन टाकले. तिने ते फोनवरून तीन नातेवाइकांना वाचून दाखवले. अर्जदाराची बायको बँकेत रोखपाल आहे. तिने घरात हा विषय काढायला मनाई केली, त्यामुळे तो आता जिन्यात निघतो.

४. आता मंजूर झालेल्या दहा मिनिटांविषयी. त्या वेळी अर्जदार चौदावे प्रकरण ऐकत होता. आत्या ओले फडके घेऊन आली आणि तिने कीबोर्ड पुसायला घेतला. कोपर उचल, असे तिने खुणेने सांगितले. अर्जदाराने उचलले. तिने माउस पुसला, माउसच्या खाली पुसले, मग पुन्हा कीबोर्ड, कारण फटीत काहीतरी होते. त्या वेळच्या पडद्याच्या फोटोत कोऱ्या पानावर दीड ओळ 'ल' आणि सात अर्धविराम दिसतात. यंत्रणेने या कामाला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले. ग्राहकाने शेरा मारला की, या गतीने काम झाल्यास आपली हरकत नाही.

५. हा मुद्दा रागात लिहिला होता. बायकोने काढायला लावला. क्रमांक तेवढा ठेवला आहे.

६. हा निकाल कळल्यावर आत्याचे म्हणणे पडले की, हात तिचे होते, तेव्हा मोबदला तिचा. अर्जदाराने ते मान्य केले. परंतु तिने दुसऱ्या दिवसापासून येता-जाता माउस हलवायला सुरुवात केली. भाजी चिरतानाही एक हात मोकळा ठेवी. अर्जदाराने विरोध केला, तेव्हा ती म्हणाली, "तू ऐक ना तुझं. हलवायचं मी बघते. दोघांत मिळून एक माणूस कामाचा निघाला तर तुझं काय बिघडलं?" यावर अर्जदाराने माउसच कपाटात ठेवला.

७. दरम्यान पुस्तक प्रसिद्ध झाले. चौदाव्या प्रकरणात नायकाचे वडील जातात. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, हे वाक्य आणि त्यांनी डोळे मिटले, हे वाक्य, या दोहोंच्या मध्ये वाचणाऱ्या बाईंचा आवाज येतो : "गॅस बंद कर गं, दूध गेलं." श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. एका श्रोत्याने मात्र हे वडिलांचे शेवटचे शब्द समजून, ते फार आतून आल्याचे कळवले आहे.

८. ही चूक अर्जदाराच्या कानातून निसटली. ती ज्या दहा मिनिटांत निसटली, ती हीच मंजूर दहा मिनिटे. बाकी एकवीस प्रकरणांत एकही चूक राहिलेली नाही, आणि ती सगळी आपल्या नोंदीप्रमाणे निष्क्रिय अवस्थेत तपासलेली आहेत. ज्या कामात चूक झाली त्याचे पैसे मिळाले आणि जे काम चोख झाले ते बुडाले, एवढीच अर्जदाराची तक्रार आहे.

९. हे आत्याला सांगायचे नव्हते. पण तिने ते प्रकरण हेडफोन लावून स्वतः ऐकले. दुधापाशी हसली. मग हेडफोन काढून म्हणाली, "मी तेव्हा पुसलं नसतं, तर तुला हे ऐकू आलं असतं ना रे?" कीबोर्ड खरेच फार मळला होता, असे अर्जदाराने सांगितले. तेव्हापासून अर्जदार मान खाली घालून बसला की ती दार ओढून घेते, आणि नातेवाइकांचे फोन आले तर तो कामात आहे म्हणून सांगते. जिन्यातला विषय बंद झाला आहे. आता त्याला निष्क्रिय म्हणणारे एक आपलेच कार्यालय उरले आहे.

१०. सबब विनंती की, मंजूर दहा मिनिटांचा मोबदला कापून घ्यावा, नाकारलेले तास मंजूर करावेत आणि तो लाल शब्द काढावा. तिन्ही गोष्टी जमत नसतील तर शेवटची आधी करावी.

११. पुरावा म्हणून चौदावे प्रकरण सोबत जोडले आहे. ते आपण स्वतः, छापील पाने मांडीवर घेऊन ऐकावे. दुधाखेरीज त्यात आणखी एक चूक आहे. ती ना वाचणाऱ्या बाईंच्या लक्षात आली, ना ग्राहकाच्या, ना तक्रार करणाऱ्या श्रोत्यांच्या. अर्जदाराला ती काल सापडली. येथे मुद्दाम लिहिलेली नाही. ऐकताना आपली नोंदयंत्रणा आपल्याच टेबलावर चालू ठेवावी. आपल्याला चूक सापडली, आणि तरीही यंत्रणेने आपल्याला निष्क्रिय ठरवले नाही, तर अर्जदार हा अर्ज मागे घेईल.

आपण ऐकाल या भरवशावर,
नम्र,
अर्जदार
(ऑडिओबुक तपासनीस)

दिनांक : पोचेचा शिक्का पडेल तो.

सोबत :
(१) चौदावे प्रकरण, ध्वनिमुद्रण व छापील पाने.
(२) 'ल' असलेला पडद्याचा फोटो.
(३) आत्याचे पत्र. पाकीट बंद आहे. अर्जदाराला उघडू दिलेले नाही.