माडीवरचा वर्ग ताईबाईच्या हवाली

मी, प्रेमकुंवर भ्र. रिखबचंद छाजेड, वय ६९, धंदा पितळी भांड्यांचे दुकान, राहणार सोनगीर, जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. पाय सुजतात, डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट आवरायला बरेच जण येऊन गेले.

१. दुकान, तराजू व माल पुतण्या प्रकाशचंद यास. गिऱ्हाइकाशी तो माझ्यापेक्षा गोड बोलतो.

२. राहते घर त्याची मुलगी मंजू हिला. ती सासरी गेली तरी किल्ली तिच्याचकडे राहील.

३. दुकानावरची माडी मी माझे दागिने मोडून बांधली. तीवर इतर कोणाचा हक्क नाही. ती सरकारी दवाखान्यातील सुईण ताईबाई सोनवणे हिला कायम मालकीने देते. कारण लिहिणे भाग आहे.

या माडीवर १९५८ पासून दर रविवारी मी मुलींना शिवाशिवीविरुद्ध शिकवीत असे. १९६६ च्या उन्हाळ्यात ताईबाई भाचीला घेऊन आली. सगळी माणसे सारखी, हे माझे चालू असताना तिने पाणी मागितले. मी उठले आणि तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पाणी ओतले. फळीवर पेले रांगेने मांडलेले होते. हात आपोआप वर गेला. साऱ्या मुलींनी पाहिले.

पाणी पिऊन ताईबाई म्हणाली, "अक्का, तुम्ही बठ्ठं खरं सांगतस. पन पानी वरतून पडस तवय कसं वाटस, ते तुमले ठाव नही. माले ठाव शे."

"मग तू सांग."

"मी सांगसू. तुम्ही खाले बसशात का?"

मी मुलींमध्ये सतरंजीवर बसले. ताईबाईने सांगितले, चौथीपर्यंत ती शाळेच्या दाराबाहेर बसून शिकली. मास्तर तिची पाटी काठीने सरकवीत. वर्ग सुटल्यावर मुलींत बसलेल्या मंजूने फळीवरचा पहिला पेला माझ्या हातात दिला आणि ती म्हणाली, "आता ताईबाई आली की पाणी यातच."

पुढच्या रविवारी अकरा मुली आल्या नाहीत. वर्ग तेव्हापासून ताईबाईच चालवते. मी सतरंज्या झटकते. प्रकाशचंद म्हणतो, "काकी, वर्ग घेणे हे शिकलेल्या माणसाचे काम." मी शिकलेलीच होते. आठ वर्षे मला स्वतःचा हात दिसला नाही.

४. ताईबाईनंतर वर्ग कोणी चालवावा हे तीच ठरवील. आमच्या घरच्यांनी यावे, ऐकावे, सांगतील ते काम करावे. पुढची जागा मागू नये.

हे वाचून दाखवले तेव्हा तिने विचारले, "अक्का, उपकार म्हनीसन देतस का?"

"नाही. तुझी जागा मी अडवून बसले होते."

"तं मंग लिखी टाका."

लिहून टाकले. फार हलके वाटते आहे.

सही: प्रेमकुंवर रिखबचंद छाजेड
सोनगीर, दि. ११ मार्च १९७३

साक्षीदार:
१. तोताराम उखर्डू चौधरी
२. पितांबर नथ्थू पाटील. यांनी ६६ साली आपल्या दोन्ही मुली वर्गातून काढल्या होत्या. धाकटी आता माडीवर ताईबाईच्या हाताखाली शिकवते. साक्षीला ते न बोलावता आले.