सोळा सेंट उतरलेला पियानो

तीर्थरूप मावशीला,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितेय, तेव्हा आठांपैकी निदान पाच अंगं तू मनानेच टेकवून घ्यावीस.)

डावा डोळा कसा आहे? थेंब दिवसातून चारदा घालायचे आहेत, "आठवण झाली की" नाही. गुडघ्याचं विचारत नाही, कारण तुझ्या मागच्या पत्राची दोन पानं त्याच्यावरच होती. माझी तब्येत ठीक आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तू स्क्रीनशी संबंध तोडलास आणि मला दर आठवड्याला शाईने पत्र लिहायला लावलंस, त्याने माझं अक्षर जरा सुधारलं. नोकरी लागल्यापासून ते स्टिकरवर मावेल एवढंच उरलं होतं. (मी काय करते हे तू शेजारणींना अजून "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतेस. मी मोजायची उपकरणं तपासते. तराजू, तापमापक, दाबमापक खरं बोलतात की नाही ते बघते आणि खरं बोलणाऱ्याला तारखेचं स्टिकर लावते. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे, मी त्याच्यात नाही.)

तू विचारलं होतंस की भावोजींचं गुरुवारचं बाहेर जेवायला जाणं का थांबलं, आणि फोनवर त्यांचा आवाज पडलेला का वाटला. थोडक्यात उत्तर असं, की ते मी थांबवलं. बाबा तीन गुरुवार घरात बसून टोस्ट खातायत आणि विचारलं की पित्त झालंय म्हणतात. हे निस्तरायचं मलाच आहे आणि अर्धंच निस्तरलंय. लांब उत्तर खाली आहे. डोळा दुखला तर मधे थांब.

गुरुवारचा नियम मीच केला होता. आई गेल्यावर आमच्याकडे जेवण म्हणजे दोन स्क्रीन आणि दोन ताटं. बाबा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून बसायचे, मी लॅपटॉपपुढे. एकदा मी त्यांना समोरासमोर बसून "मीठ द्या" असा मेसेज पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, आणि दोन मिनिटांनी मीठ आलं. त्या दिवशी मी ठरवलं की आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचं आणि फोन घरी ठेवायचे. (माझा पर्समध्ये असतो. प्रयोगशाळेतली थंड खोली तापली तर इशारा मला येतो. हा अपवाद मी नियमातच लिहिला होता.) बाबांना फोनपासून तोडणं सोपं नव्हतं. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाला फोन म्हणजे न संपणारं कच्चं प्रूफ. गॅसवाल्यांचा मेसेज आला तरी ते तो दुरुस्त करून परत पाठवतात, खाली "आपला, बाबा" लिहून. गॅसवाल्यांनाही.

आम्हाला सापडलं ते हॉटेल चौदा टेबलांचं. पहिल्या गुरुवारी बाबांनी मेनूकार्डावर पेन्सिलीने अकरा चुका दाखवल्या. मालकाने कार्ड नवीन छापून घेतलं, त्यात दोनच निघाल्या, तेव्हापासून बाबांच्या मते तिथलं जेवणही सुधारलं. गुरुवारी सात ते साडेआठ तिथे एक बाई पियानो वाजवतात. पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. बाबा त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात आणि तीन नंबरच्या टेबलावर, पियानोकडे पाठ करून बसतात. संगीत पाठीने ऐकावं, समोर बसून टक लावणं असभ्य, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात खोट दिसली नाही. माझं संगीताचं ज्ञान बेताचं आहे. एकदा कामासाठी फोनवर पंख्याचा आवाज तासभर लावून ठेवला होता, तेव्हापासून गाण्यांचं अ‍ॅप मला दर सोमवारी पंख्यांचे नवे अल्बम सुचवतं, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही वाईट नाहीत.

चौथ्या आठवड्यापासून बाबा गुरुवारच्या शर्टाला बुधवारीच इस्त्री करायला लागले. गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा. हे मी टिपून ठेवलं आणि इस्त्रीचा थर्मोस्टॅट तपासला. तो ठीक होता.

आता आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. आईने वाचनालयाची सूचना छापायला दिली, ती बाबांकडून सात दुरुस्त्यांसह परत आली आणि महिन्याभरात लग्न ठरलं. त्या प्रुफाची ने-आण तूच केली होतीस. बाबांनी चूक काढली नाही म्हणजे त्यांनी वाचलंच नाही, हे मी दुसरीत असतानाच शिकले. मीही तशीच झाले. मैत्रिणीला मुलगी झाली तेव्हा मी आधी पाळण्याचा स्क्रू घट्ट केला, अभिनंदन नंतर.

तर नवव्या गुरुवारी बाबांनी मला हळूच विचारलं, "या पियानोत काही खोट आहे का गं?" आवाजात काळजी नव्हती, आशा होती. मी फोन काढला (नियमभंग, मान्य), स्वर मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि सांगितलं, सोळा सेंट उतरलाय. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले सोळा. एकटं वाद्य ऐकताना हे बहुतेकांना कळतही नाही. पण बाबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं त्यांना सूप आवडलं. त्यांनी कागदी रुमालावर लिहिलं, "मा. डॉक्टर, आपण उत्तम वाजवता. पियानो सोळा सेंट उतरलेला आहे. कळावे." आणि हात धुवायला जाताजाता तो रुमाल पियानोवर ठेवून आले. दहा मिनिटांनी वाढप्याने त्याच रुमालाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं उत्तर आणून दिलं. "आज सकाळीच मी स्वतः सुरात लावला आहे. तुमच्या मापाला कीड लागली आहे. दुर्लक्ष केलंत तर मुळापर्यंत जाईल."

बाबांनी उरलेलं जेवण तसंच ठेवलं. पुढच्या गुरुवारपासून पित्त.

मी मात्र जवळजवळ तीन आठवडे निश्चिंत होते. बाईंना आपली चूक मान्य करता येत नाही, एवढंच माझं मत. मग मागच्या सोमवारी एका जुन्या बँडपथकाचा नादकाटा पुन्हा तपासणीला आला (शाळेत आपण ठोकून कानाशी धरायचो तो लोखंडी चिमटा) आणि मी आधी फोनमधलं ते अ‍ॅप उघडलं. पियानोतला जो स्वर पाया धरतात, त्याची सेकंदाला चारशे चाळीस कंपनं असतात. हा काटा जुन्या पद्धतीचा, चारशे चव्वेचाळीसचा. मागच्या खेपेला तो आला तेव्हा मी अ‍ॅपचा पाया चारशे चव्वेचाळीसवर नेला होता आणि परत आणला नव्हता. चारचा फरक म्हणजे पूर्णांकात सोळा सेंट. मी गणित तीनदा केलं. पियानो जागच्या जागी होता, उतरले होते मी. आमच्याकडे कडक नियम आहे, की ज्याने पाया हलवला त्याने उपकरणाला चिठ्ठी बांधायची. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवते. पण फोन हे काही प्रयोगशाळेचं उपकरण नव्हे, म्हणून त्याला ना चिठ्ठी, ना स्टिकर.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला टोस्ट खाली ठेवला.

"म्हणजे बरोबर शब्दावर मी खूण केली."

"मोजमाप माझं होतं, बाबा."

"खूण माझी होती."

अडतीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकदाच झालं होतं आणि तेव्हा ते दोन दिवस रजेवर होते. इथे तर शब्द नव्हता, माणूस होतं. आता त्या बाईंसमोर कुठल्या तोंडाने जायचं, असं ते म्हणाले आणि बेसिनमधला एकच कप बराच वेळ विसळत राहिले.

म्हणून गुरुवारी मी एकटी गेले. माफी मागायचा मला सराव नाही, तेव्हा आमच्या नेहमीच्या नमुन्यातला तपासणी अहवाल करून नेला. उपकरणाचं नाव: फोन. दोष: पाया चुकीचा. परिणाम: पियानो निर्दोष. खाली माझी सही. साडेआठला वादन संपल्यावर बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, तारीखसुद्धा. मग म्हणाल्या, "बस." बसले. "तुझे वडील पाठ करून का बसतात?" मी संगीत आणि सभ्यतेचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "टेबलावर स्टीलचा जग असतो ना, त्यात मला त्यांचं तोंड दिसतं. मला ते दिसतात म्हणजे त्यांना मी दिसत असणार. तू तर विज्ञान शिकलीयस."

मावशी, मी नऊ गुरुवार त्या जगच्या पलीकडे बसून जेवले. बाबा त्याच्याकडे बघायचे तेव्हा मला वाटायचं त्यांना पाणी हवंय, आणि मी ओतायची. नऊ आठवडे मी त्या बिचाऱ्यांना पाणी पाजत होते.

बाईंनी अहवाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि एवढंच सांगितलं, "दात ज्याचा दुखतो त्याने स्वतः यायचं असतं. मुलीला पाठवून चालत नाही." घरी येऊन मी बाबांना जग वगळून सगळं सांगितलं. ते "बघू" म्हणाले. तेव्हापासून त्यांनी दोनदा विचारलंय, मावशीचं पत्र आलं का. टपालाची चौकशी त्यांनी आजवर कधी केलेली नाही.

बाकी सर्व क्षेम. थेंबांचं विसरू नकोस.

तुझी भाची

ता. क. – चार पानं पियानोवर खर्ची घातली, कारण जे विचारायचं ते विचारता येईना. बाबा टोस्ट खातायत ते लाजेने कमी आणि तुला काय वाटेल या धाकाने जास्त, असा माझा अंदाज आहे. (अंदाज. मोजलेलं नाही.) आईच्या बाजूचं असं आता तूच एक आहेस. तुझी हरकत नसेल तर त्यांना दोन ओळी लिहिशील का? हरकत असेल तर मला लिही, मी काहीतरी बघते. माझी हरकत आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. तीन रात्री उत्तर वेगवेगळं आलं, चौथ्यापासून एकच येतंय, नाही.

ता. क. दुसरा, गुरुवार, सात वाजून पाच मिनिटं – घरात पाकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस पडून राहिलं. वरची विनंती रद्द समज. बाबा आत्ताच गेले, दोनदा इस्त्री केलेला शर्ट घालून. चपला घालताना म्हणाले, की मंगळवारी मी कामावर असताना त्यांनी तुला फोन केला होता, आणि तू म्हणालीस, "भावोजी, हे विचारायला तीन आठवडे लावलेत?" हे मला आधी कळलं असतं तर शाई वाचली असती. "पोरीला बरोबर नेऊ नका" हेही तूच सांगितलंस म्हणे. सल्ला बरोबर आहे. मी तपासून पाहिला.

फ्रीजमध्ये दोन अंडी आहेत आणि घरात फार शांत आहे. यापुढचे गुरुवार माझे मोकळेच दिसतात. साडेपाचची गाडी धरली तर आठला मी तुझ्या दारात असेन. येऊ का? याचं उत्तर पत्रानेच द्यायला हवं असं नाही.