काचेवरचं नाव

प्रिय खंड्या,

हे पत्र तुझ्या कंपनीच्या बंदरातल्या कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. जहाज लागलं की ते लोक टपाल हातात देतात म्हणे. देवोत बिचारे. मागच्या बंदरातून तू फोन केलास तेव्हा निम्मं बोलणं वाऱ्यानं खाल्लं आणि उरलेलं मी. बाबांनी फोन घेतला, कानाला लावला आणि एक शब्दही न बोलता माझ्या हातात दिला. तू विचारलंस, बाबा अजून चिडलेत का गं, मी पुन्हा जहाजावर आले म्हणून? मी म्हटलं, छे, घसा बसलाय त्यांचा. घसा बसलेला नाही. चिडलेलेही नाहीत. खरं सांगायचं तर आपल्या धाकट्या कळीच्या मुलीपासून सुरुवात करावी लागेल. हो, मुलगी झाली. दिवस भरायच्या फार आधी झाली, आणि तिला नाव द्यायला बाबा तयार होईनात. मला क्रमानं सांगू दे. मधलं काही गाळलं तर पुढचं माझ्याच्यानं लिहून होणार नाही.

आपल्या नावांच्या गोष्टी तुला पाठ आहेत. तरी पुन्हा लिहिते, कारण सध्या तेवढंच लिहायला बरं वाटतं. कागदोपत्री नावं आपल्याला मिळाली ती शाळेसाठी आणि पासपोर्टसाठी. घरातली नावं बाबांनी संग्रहालयातून आणली. ज्या दालनाच्या पाट्या ते तेव्हा लिहीत असत, त्यातलं एक नाव त्या वेळी जन्मलेल्या मुलीला. तू झालीस तेव्हा पक्ष्यांचं दालन चाललं होतं. खंड्याच्या पाटीवर बाबा भलतेच खूश होते. इंग्रजीत हा मासेमारांचा राजा, आणि संस्कृतात त्याचं एक नाव मत्स्यरंक. रंक म्हणजे कंगाल, माशासाठी आशाळभूत झालेला. पक्षी तोच, चोच तीच, बघणाऱ्याच्या मनात असेल तर राजा, नाहीतर भिकारी. आणि खंड्या हे नाव कुठून आलं म्हणशील, तर बाबांनी कोशांवर कोश पालथे घातले, पण त्यांना पटेल असं मूळ काही मिळालं नाही. मूळ सापडत नाही ते नाव सगळ्यांत मोकळं, असं म्हणून त्यांनी ते तुला देऊन टाकलं. पुढे तू इंजिनरूममध्ये नोकरी धरून समुद्रावर गेलीस तेव्हा आई म्हणाली, घ्या आणखी मोकळं नाव.

माझ्या वेळी रत्नांचं दालन. माझं नशीब थोर की बाबा त्या आठवड्यात पाचूपर्यंत पोचले होते. अलीकडे गोमेद होता, म्हणजे गाईच्या चरबीच्या रंगाचा, आणि पलीकडे लसण्या, म्हणजे सरळसरळ लसूण. पुष्कराज चालला असता. त्याचं जुनं नाव पुष्पराग, फुलाचा रंग. मी कावीळ घेऊनच आले होते, रंगही जुळला असता. पण बाबांना पाचू आवडला, कारण पाचूच्या पोटात भेगा असतातच. भेग नसलेला पाचू कुणी दाखवला तर आधी काच समजावी, असं ते म्हणायचे. माझं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यावर ताट आपटलं होतं. आता हसू येतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवताना मनात येतं, बाबांनी मला निदान काचेपेक्षा वरचं काहीतरी मानलं.

आणि कळी. तिचं पूर्ण नाव कळलावी हे आता आपल्यालाच आठवावं लागतं. वनस्पतींच्या दालनात लिलीच्या कपाटात ती ज्वाळेसारखी फुलं होती. जुन्या सुइणी त्या वेलीचा कंद वापरायच्या, अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून. कळ लावणारी ती कळलावी. घरात आणली तर भांडणं लागतात असंही लोक म्हणतात, आणि आपली कळी पाळण्यातून उतरल्यापासून तुझ्यामाझ्यात काड्या घालायची, म्हणून ते दुसरं कारणच घरात जास्त चाललं. पुढे शास्त्रज्ञांनी ती वेल लिलीच्या कुळातून काढून दुसऱ्या कुळात घातली. बाबांनी पाटी बदलली आणि घरी येऊन कळीला म्हणाले, बाईसाहेब, आजपासून तुम्ही दुसऱ्या घरच्या. ती तेव्हा एवढीशी होती, घाबरून आईच्या मागे लपली. तिला खरंच वाटलं की कुणीतरी न्यायला येणार.

तर त्या दिवशी मी दुकानात होते. कळीच्या नवऱ्याचा फोन आला. धड वाक्य फुटत नव्हतं त्याच्या तोंडून. मी तशीच, गिऱ्हाइकाचा चष्मा हातात घेऊन धावले, तो अजून माझ्या पिशवीत आहे. कळीला सकाळी कपडे वाळत घालताना कळा सुरू झाल्या आणि थांबेचनात. आईबाबा आणि मी इस्पितळात पोचलो तेव्हा बाळ झालंही होतं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की दोन सिस्टर एक ढकलगाडी घेऊन पळत गेल्या. कळीचा नवरा धरून आम्ही चौघं त्या लांबलचक बोळात उभे राहिलो. तिथे भिंतीला हिरवा तेलरंग आहे आणि बसायला पत्र्याचा बाक. मग आई एकदम बाबांकडे वळली आणि म्हणाली, तुम्हीच ठेवलंत तसलं नाव पोरीला. कळलावी. लागल्या ना कळा.

खंड्या, आईला तू ओळखतेस. तिच्या मनात तसं काही नव्हतं. कुणावर तरी चिडायचं होतं, समोर बाबा होते. दुसऱ्याच मिनिटाला तिनं त्यांच्यासाठी चहा आणला, स्वतः फुंकर घालून दिला. पण बाबांनी तो घेतला नाही. आपण सगळ्यांनी जन्मभर त्या नावावरून थट्टा केली, बाबांनी सगळ्यांत जास्त. आणि त्या बोळात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ते खरोखर हिशेब लावत होते की हे आपल्यामुळे झालं का. शिकलेला माणूस, कोशांमध्ये आयुष्य घालवलेला. मी म्हटलं, बाबा, असं कुठे असतं का? ते म्हणाले, नसतं गं. माहीत आहे मला. पण त्यांचं तोंड तसंच राहिलं.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, छातीवर चिकटवलेल्या तारा, डोक्याला टोपी, आणि ती टोपीसुद्धा मोठी होत होती. पेटीच्या कडेला एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर कळीचं कागदोपत्री नाव आणि पुढे 'यांचं बाळ'. त्या खोलीत एका वेळी एकालाच सोडतात, बाकीच्यांनी दारातल्या काचेतून बघायचं. तिथली मोठी सिस्टर बोलकी होती. तिनं बाबांना सांगितलं, आजोबा, नाव ठेवा हिचं. आम्ही सगळ्या हाक मारत मारत काम करतो, बाळांना कळतं. कळीनं तिला बाबांच्या अक्षराबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. सिस्टरनं कोरं कार्ड दिलं, जाड पेन दिलं. बाबा ते घेऊन आत गेले. मी दारातून बघत होते. पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग कार्ड तसंच कोरं खिशात घालून बाहेर आले, आणि बाकावर बसले.

कळीला वाटलं, त्यांना नाव सुचत नाही. तिनं खाटेवरून आम्हाला कामाला लावलं. तिचा नवरा मोबाइलवर शोधून एकेक नाव वाचायचा आणि आई एकेक मोडीत काढायची. ही शेजारीण होती, ती मास्तरीण होती, हिचा अर्थच वाईट. कळी म्हणायची, नाही, बाबाच देतील. आपल्या तिघींची त्यांनीच दिली, हिचंही तेच देतील. रोज मी बाबांना विचारायची आणि रोज ते म्हणायचे, बघतो. डॉक्टरीणबाई यायच्या आणि त्याही म्हणायच्या, बघू या. फुप्फुसं तयार झालेली नाहीत, एवढं एकच वाक्य त्यांनी आम्हाला निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं. आम्ही प्रत्येक वेळी मान डोलवायचो आणि नंतर एकमेकांना विचारायचो, म्हणजे बरं आहे की वाईट? आपल्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. आई टोप्या विणत सुटली, एकीपेक्षा एक लहान. मी बोळातल्या यंत्रातून पाण्याच्या बाटल्या आणून आणून ठेवायची आणि कुणी प्यायचं नाही.

शेवटी मीच बाबांवर भडकले. त्या बाकावरच. म्हटलं, तुमच्या एका शब्दासाठी ती आत डोळे लावून बसली आहे आणि तुम्ही आईच्या एका वाक्याला धरून बसलात. ते म्हणाले, पाचू, आईचं मी केव्हाच सोडलं. तसं नाही ते. मग त्यांनी मला काय सांगितलं ते ऐक. संग्रहालयात नेम असा होता, की आधी पक्षी पेटीत बसवायचा, काच लावायची, चारी स्क्रू घट्ट करायचे, आणि मगच बाबांनी पाटी लावायची. काच बंद झाल्याशिवाय नाव नाही, कारण तोवर आतली वस्तू बदलू शकते. नाव लागलं की संपलं, आता ती तशीच राहणार. ते म्हणाले, मी आयुष्यभर काचेवर नावं लावली गं. मी नाव लावल्यावर आतलं काही हललेलं मी बघितलेलं नाही. ती हलते आहे अजून. मी लावणार नाही.

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. कळीला जाऊन खोटंच सांगितलं, शोधतायत, मोठं सुंदर काहीतरी शोधतायत. ती हसली. तिला ताप होता, तरी हसली.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं, सगळ्यांना एकदम. तेव्हाच मला समजलं, कारण एका वेळी एकाचा नेम त्यांनी स्वतः मोडला होता. त्या म्हणाल्या, आता नळ्या काढू या आणि तिला आईजवळ देऊ या. कळीनं विचारलं, किती वेळ? त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. बाळाला पेटीतून काढलं. तारा निघाल्यावर ती फारच छोटी दिसली, आणि फार आपली. कपाळ तर अगदी तुझं. कळीनं तिला छातीशी धरलं आणि आमच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली, मी हिला काय म्हणू? कुणीतरी सांगा ना मला, मी हिला काय म्हणू? तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इतके दिवस मोडीत काढलेल्या नावांपैकी आईला नि मला एकही आठवेना.

बाबा पुढे झाले. गुडघ्यांवर हात देत खाली बसले, करंगळी तिच्या मुठीत घातली, आणि म्हणाले, खंड्या. अगदी हळू. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, खंड्या, इकडे बघ बरं. तू लहानपणी जिन्यात अडकून बसायचीस तेव्हा ज्या आवाजात बोलवायचे ना, त्याच आवाजात. कळी म्हणते, बाळानं त्यांच्याकडे तोंड वळवलं. मी अगदी जवळ होते आणि मला तसं दिसलं नाही, पण मी हो म्हटलं. मग कळीही तेच म्हणायला लागली, आईही. बाबांनी तिला राजाचं सांगितलं, रंकाचं सांगितलं, मूळ सापडत नाही तेही सांगितलं. खिडकीतलं ऊन खाटेवरून फरशीवर उतरेपर्यंत आम्ही तिला त्या नावानं हाका मारल्या. मग सिस्टर आली, तिनं छातीला नळी लावून ऐकलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

तुला कुणी विचारलं नाही. विचारायला तू समुद्रात कुठे होतीस तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. घरात दुसरं नाव नव्हतं असंही नाही, पण काचेबाहेरचं, हाक मारली की धावत येणारं असं बाबांना तेवढंच आठवलं असणार. त्यांनी ते देऊन टाकलं आणि ते तिच्याबरोबर गेलं. नंतर तुझा फोन आला. त्यांनी तो घेतला, तू पलीकडून बाबा, बाबा करत होतीस, आणि त्यांना तुला हाक मारता येईना. दोनदा त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. कळीसमोर तर ते नाव निघतच नाही, आणि आई तुझा विषय काढते तेव्हा 'थोरली' म्हणते. तुझं नाव परत कसं आणायचं, आणायचं की नाही, मला काही सुचत नाही. तू रागावलीस तरी मी काही म्हणणार नाही. जहाजावरची मुदत संपवून तू घरी येशील तेव्हा दार बाबाच उघडतील, तुझ्याकडे बघत उभे राहतील आणि गप्प राहतील. हे पत्र मी त्या क्षणासाठी लिहिते आहे. तेव्हा उंबऱ्यात हाकेची वाट बघत थांबू नकोस. सरळ आत ये, आणि तूच त्यांना हाक मार.

तुझीच,
पाचू