न पाहिलेले तारे

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांना निजताना आता तीन उशा लागतात, हे वहिनीच्या पत्रातून कळलं. तू कळवशील ही आशा मी केव्हाच सोडली आहे.

मी अडचणीत आहे. आमचं काम तुला ठाऊक आहे. वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून ताऱ्याची चमक मोजायची आणि तेवढ्यावरून त्याचं तापमान किती, ते संगणकाने सांगायचं. त्याला शिकवायला आम्ही बाबांची यादी दिली. एकेका ताऱ्याचा वर्णपट पाहून त्यांनी सव्वीस वर्षं खपून केलेली. तरी संगणक धुळीआडच्या तापलेल्या ताऱ्यांना थंड म्हणू लागला. त्याच्या भरवशावर मोठ्या दुर्बिणीच्या अकरा रात्री वाया गेल्या. प्रोग्राम माझ्या सहकारिणीचा, म्हणून खापर तिच्यावर फुटलं.

काल मी यादीच तपासली. खऱ्या मोजमापाशी ताडलं की संगणक शंभर-दीडशे अंशांनी चुकतोच. बाबांच्या शेवटच्या वहीतल्या तीनशे बारा ताऱ्यांत मात्र तो जराही चुकत नाही. ती तापमानं मोजलेलीच नाहीत, दादा. ताऱ्याच्या रंगावरून सूत्राने काढून भरली आहेत. धुळीमुळे तारा लालसर दिसतो, हे सूत्राला कळत नाही. संगणक तेच शिकला.

वही आईच्या आजारपणाच्या वर्षातली आहे. बाबांना विचारू का?

लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहू दे.
तुझी ठकी


१० जानेवारी

चि. ठकीस,
अ. आ.

विचारू नकोस. डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितलेत. पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही बाबा छापील यादी दाखवतात आणि तो बिचारा पाना हातात धरून ऐकतो. त्यांच्यापाशी दुसरं आहे काय? दोन महिने गप्प बस, मग हवं ते छाप. तुझ्या सहकारिणीला दुसरी नोकरी मिळेल.

मला दगड म्हण. पण आईला उचलून बसवायला तेव्हा बाबा आणि मीच होतो. तू हॉस्टेलवर होतीस.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
दादा


२९ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं ऐकलं. काल चौकशी समितीने मला विचारलं, यादी तपासली होती का. मी म्हणाले, "यादीत दोष नाही."

माझ्या सहकारिणीला काढून टाकलं. टेबल आवरून ती बाबांच्या यादीची प्रत मला परत द्यायला आली. इतक्या काळजीने काम करणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं होतं, ते राहूनच गेलं, म्हणाली.

तुझ्यावर राग नाही. तोंड माझंच होतं.
ठकी


५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दादा बाहेर गेला होता, त्याच्या नावे आलेलं तुझं पाकीट मी फोडलं आणि मग तुझं आधीचं पत्रही मागवून वाचलं. हातात पेन धरवत नाही, म्हणून सूनबाई लिहिते आहे. मध्येच डोळे पुसते. शाई फुटली तर ते रडणं माझं समजू नकोस.

तीनशे बारा नव्हेत, तीनशे एकोणीस. उरलेल्या सातांचे आकडे मी खरे वाटावेत म्हणून जरा हलवले होते. त्या वर्षी दुर्बिणीवर पाळ्या माझ्या होत्या आणि मी तुझ्या आईच्या उशाशी बसलो होतो. खरं सांगितलं असतं तर पाळ्या दुसऱ्याला गेल्या असत्या, आणि यादी माझ्याच हातून पुरी व्हावी ही हाव सुटत नव्हती. पुढे दुरुस्त करू म्हटलं. मग पदक मिळालं आणि धीर गेला.

क्रमांक सोबत आहेत. संचालकांना आणि त्या मुलीलाही आजच वेगळी पत्रं टाकली आहेत. समितीपुढे तू काय बोललीस, ते त्यांत लिहिलेलं नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

माया होती तशीच आहे.
बाबा


१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून परतले, ती थेट संचालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. संगणकाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. सहकारिणीला परत बोलावलं होतं. तिने कळवलं की बाबांचं पत्र जपून ठेवलं आहे, पण मी जिथे आहे तिथे ती येणार नाही.

ते तीनशे एकोणीस तारे मी मागून घेतले आहेत. प्रत्येकाचा वर्णपट घ्यायचा, म्हणजे दोन वर्षं तरी जातील. पहिला आज मोजून झाला. बाबांनी लिहिला त्याहून तो चोवीसशे अंशांनी जास्त तापलेला निघाला. हे ज्यांना कळवायचं ते आता नाहीत, म्हणून तुला कळवते.

वहिनीला नमस्कार. मला टाकू नका.
ठकी