सात नंबरच्या मशीनचा हार

२९ सप्टेंबर २०२४, रविवार
इस्लामपूरजवळून

सिद्धू गड्या,

रामराम. तानुबाई काकूंना माझा नमस्कार सांग. तीनदा फोन केला, तीनदा त्या म्हणाल्या, "सिद्धू मेंढरं घिऊन लांब गेलाय." तिसऱ्या वेळी मागनं तुझाच खोकला ऐकू आला. तुझ्या माउलीला खोटं बोलायला लावू नकोस रं, तिला ते जमत न्हाई. शिरवळच्या कंपनीतल्या कुणाचं तोंड बघायचं नाही म्हणतोस, तर नको बघू. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

इकडं सगळं बरं हाय. ऊस डोक्याच्या वर गेलाय. सोनियाचं गुडघ्याचं दुखणं जरा कमी आहे. प्रांजल चौथीत गेली आणि आता बापालाच गणितं शिकवते. मी शिरवळची नोकरी सोडली. लोकांना सांगतो, दर आठवड्याच्या येण्याजाण्याला कंटाळलो.

आणि एक बातमी. मी जुनं मिलिंग मशीन घेतलं आणि म्हशींच्या गोठ्यात बसवलं. हसलास ना? सगळं गाव हसलं. दीड टनाचं धूड, क्रेन गल्लीत शिरेना. मग पाईप अंथरले, पहारी लावल्या आणि सरकवत नेलं. ढकलायला दहा माणसं, सांगायला वीस. दादासो चुलते कट्ट्यावर बसून ओरडतायत, "आरं डावीकडं घ्या, डावीकडं!" मी म्हटलं, "आवं तात्या, डावीकडं उकिरडा हाय." तर म्हणाले, "मग उजवीकडं घ्या. माझं काम सांगायचं."

खाली काँक्रीट ओतलं. लेव्हल लावून चारी पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारल्या. दोन दिवस तेवढंच करत होतो. आता टेबलावर पाण्याचा थेंब टाकला तर जागचा हलणार नाही. तू असतास तर तरीही म्हणाला असतास, "जयराज, एक पट्टी काढ."

पण बसवून आठ दिवस झाले, अजून चालू केलेलं नाही. गावातली दोन कामं हातात आहेत, ती तशीच पडलीत. सोनिया विचारते, "आता काय मशीनचं बारसं घालायचं ऱ्हायलंय?" मी सांगतो, ड्राइव्ह यायचाय. घरात सिंगल फेज, मशीन थ्री फेजचं, मधे ते खोकं लागतं. ते खोकं केव्हाच येऊन पडलंय. तिला खोटं सांगितलं.

खरं सांगू? मला गोठ्यात भीती वाटते. रात्रीचं सोड, भर दुपारी बाहेर पोरं खेळत असताना भीती वाटते. म्हशी होत्या तेव्हा मी तिथं बिनघोर झोपायचो. आता मशीनकडं पाठ करून उभा राहिलो की वाटतं, मागं कुणीतरी कामाला लागलंय. वळून बघतो तर काही नसतं. हँडल धरायला गेलो की आधी माझा अंगठा त्याच्यावर दोनदा टकटक करतो. ही खोड माझी नव्हे. कुणाची ते तुला ठाऊक आहे.

व्हय. सात नंबरच आहे. तुझं मशीन.

कंपनीनं जुनी मशीनं भंगारवाल्याला दिली. मी बघायला गेलो तर ते पावसात उघड्यावर पडलेलं. ग्रीस खरवडलं तर नंबरच्या पट्टीच्या फटीत पिवळं दिसलं. भंडारा होता. तू दर रविवारी बिरोबाचं नाव घेऊन लावायचास तो. मला तिथनं पाय काढता येईना. ते दुसऱ्या कुणाच्या हाती जावं हे सोसवलं नाही, म्हणून घेतलं, असं मी मनाशी म्हणत होतो. तेही अर्धंच खरं आहे. त्याच्या वायरिंगच्या पॅनेलमध्ये दुसऱ्या कुणी हात घालू नये, हे उरलेलं अर्धं.

पाच वर्षांमागच्या त्या खंडेनवमीला सकाळी सगळ्या मशीनची पूजा झाली. तू सात नंबरला झेंडूचा हार घातलास, नारळ फोडलास, हात जोडलेस. मग साहेब आले, अर्जंट चार पीस हवेत म्हणाले. तू म्हणालास, "आज हत्यारं झोपल्याली असत्यात. आज न्हाई चालवायचं." मी तुझा सेटर होतो, मशीन जुळवून तुझ्या हाती द्यायचं काम माझं. मी म्हणालो, "आरं चारच तर हायत, देव काय घड्याळ लावून बसलाय व्हय?" तू चालवायला तयार झालास, पण हार काढेनास. पूजेचा हार दसऱ्याच्या आधी उतरवत नाहीत, म्हणालास. मीच म्हटलं, राहू दे.

तिसऱ्या पीसला हाराचा दोरा स्पिंडलवर गुंडाळला. तू गार्डचं झाकण उघडलंस आणि हार सोडवायला हात घातलास. गार्ड उघडलं की मशीन थांबतं, हे तुझ्या हाताला पाच वर्षांचं पाठ होतं.

ते थांबलं नाही.

चौकशीत लिहिलं, कामगारानं मशीनवर हार ठेवला, कामगाराचा निष्काळजीपणा. तू मान डोलावलीस. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून खाली बघत होतास. भरपाई नाही, नोकरी नाही.

गेल्या मंगळवारी ड्राइव्ह जोडायला म्हणून पॅनेल उघडलं. त्याआधी स्पिंडल हातानं फिरवून बघितला, तर आतून काळा पडलेला दोरा निघाला, हाराचा. तो बाजूला ठेवला. मग टॉर्च मारली. गार्डच्या स्विचच्या दोन टोकांना लाल वायरचा बोटभर तुकडा जोडलेला. तीन पीळ, वर काळी टेप. असा पीळ अख्ख्या शिरवळमध्ये मी एकटाच देतो.

सिद्धू, ती वायर मी घातली होती. ती असली की गार्ड उघडलं तरी मशीन फिरतच राहतं. त्याच सकाळी, पूजेच्या आधी. स्विच खराब होता, मशीन सारखं मधेच बंद पडायचं. म्हटलं आजचा दिवस काढू, दसऱ्यानंतर नवा टाकू. तुला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, पूजेच्या गडबडीत विसरलो. तुझी चार बोटं गेली ती एवढ्यावर गेली.

आणि चौकशीत मला विचारलं, "गार्डचा स्विच चालू होता?" मी म्हणालो, "होता, मीच सकाळी तपासला." खाली सही केली. ते विसरणं नव्हतं. मशीनवर ताडपत्री पडली, पुन्हा ते कुणी चालवलं नाही, पॅनेल कुणी उघडलं नाही. पाच वर्षं जेवायला बसलो की मी माझी बोटं मोजतो. प्रांजल विचारते, "पप्पा, दहाच असतात ना?"

तरी मी गप्पच राहिलो असतो. एवढा हलकट निघालो मी. पण मागच्या महिन्यात अर्जुना भेटला, आपल्या शिफ्टचा. तो म्हणाला, सिद्धूनं पाच वर्षं पायात वहाण घातली नाही. आरेवाडीला बिरोबाच्या बनात अनवाणी जातो, ऊन बघत नाही, काटे बघत नाही. सगळ्यांना सांगतो, हत्यारं झोपली असताना मी चालवली, देवानं बोटं घेतली, देवाचं बरोबर हाय. ते ऐकलं आणि तुला सगळं सांगायचं ठरवलं.

देवानं काही घेतलं नाही रं. देवाचा काय संबंध! हारानं मशीन अडलं असतं, गार्ड उघडल्यावर थांबलं असतं, तू हार सोडवला असतास आणि संध्याकाळी आपण चहा प्यायलो असतो.

वायर मी काढलेली नाही. जशी होती तशी आहे. तीन फोटो सोबत आहेत. लेबर कोर्टात जायचं असलं तर हे पत्र दाखव, बोलावतील तिथं येऊन मी हेच सांगीन. माझं काय व्हायचं ते होईल. सोनियाला आज सकाळी सगळं सांगितलं. दुपारी पाकिटावर तुझा पत्ता तिनंच लिहिला.

येत्या खंडेनवमीला सात नंबरला हार घालायचा नाही, नारळ फोडायचा नाही. तू येऊन ती वायर बघेपर्यंत मशीन बंदच राहील. आलास तर माझ्या थोबाडीत मार, नाही आलास तर तेही मला पोचेल. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

एवढं एकच ऐक. पायात वहाण घाल. आजच घाल.

त्या चौकशीच्या कागदावर केली होती तशीच पूर्ण सही खाली करतोय. ती खोटी होती, ही खरी आहे.

जयराज नाथाजी पाटील
सेटर, मशीन नंबर सात