रेषेखालचे घर

मी, शांतव्वा नागाप्पा हुक्केरी, वय बहात्तर, संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार कळंबा रस्ता, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचून झाल्यावर माझ्या डोक्याबद्दल शंका काढली जाईल याची मला खात्री आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल असे एकच माणूस होते, ते पाण्यात गेले. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मुलगी आणि जावई यांना मी सगळे सारखे वाटून दिले होते, ते मी रद्द करते.

कलम पहिले. माझ्या देहाबाबत. आमच्या रिवाजाप्रमाणे मला बसवून पुरावे. माझा जावई शिवप्रसाद याने खांदा देऊ नये आणि माती टाकू नये. दूर उभे राहायला हरकत नाही. तो उभा राहीलच, तो तसा सभ्य आहे.

कलम दुसरे. कळंबा रस्त्यावरचे राहते घर. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. हे घर माझी एकुलती मुलगी रक्षिता हिला मिळावे. मात्र कलम तिसऱ्यातील अट पाळली जाईल तोवरच.

कलम तिसरे. पंचगंगेकाठच्या कुंभारवळण गावातील खालच्या गल्लीतले घर. हे घर शिवप्रसादला द्यावे. त्याने ते विकू नये, भाड्याने देऊ नये, गहाण टाकू नये. दरवर्षी मृग निघाल्यापासून दसऱ्यापर्यंत त्याने स्वतः तिथे मुक्काम करावा आणि रात्री ओढ्याकडच्या खोलीत झोपावे. एका पावसाळ्यात जरी तो राहिला नाही, तरी कलम दुसऱ्यातील घर रक्षिताच्या हातून जाईल आणि जंगम मठाला मिळेल. मठाचे आणि माझे कधी पटले नाही, तेव्हा हे मी भक्तीने करते असे कोणी समजू नये.

ही अट का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर वकील तिला म्हातारीची लहर म्हणतील.

ते घर माझ्या नावावर आहे, आणि त्यात माझी धाकटी बहीण गौरव्वा राहत असे. मी शिकत गेले, ती शिकली नाही. मी कॉलेजात असायची तेव्हा रक्षिताला तिने वाढवले. रक्षिता तिला चिक्कव्वा म्हणायची, म्हणजे धाकटी आई, आणि मला नुसते आई. यातले अंतर मला कळत असे.

माझा अभ्यास असा होता. नदीची पातळी दर तासाला वरखाली होते, कशी होईल ते आधी कोणाला सांगता येत नाही. पण आपण एक रेषा आखली, तर पाणी ती रेषा सरासरी किती वेळा ओलांडील आणि ओलांडल्यावर किती वेळ वर राहील, हे काढता येते. रेषा खाली धरली तर पाणी ती वारंवार ओलांडते आणि बहुतेकदा मुकाट्याने परत जाते. वर धरली तर क्वचित ओलांडते, पण मग पळायला वेळ उरत नाही. गावाला पळण्याचा इशारा देणारा भोंगा कोणत्या रेषेवर वाजवायचा हा निर्णय या दोन्ही नुकसानींचा तोल पाहून घ्यावा लागतो. १९९८ साली कुंभारवळणच्या पूरसमितीने मला विचारले आणि मी बंधाऱ्याच्या खांबावर रेषा आखून दिली.

पुढच्या काही पावसाळ्यांत भोंगा वाजला आणि पूर आला नाही, असे तीनदा झाले. गाव गुरे, भांडी, म्हातारी माणसे घेऊन टेकावरच्या शाळेत चढले आणि सकाळी खाली उतरले. गौरव्वाचे गुडघे गेलेले होते. तरी तीनही वेळा ती शेळी ओढत वर गेली, वाटभर मला शिव्या देत. पुढच्या भेटीत म्हणाली, "अक्का, तू काय लिवतीस ते तुझ्या नदीला कळतंय का गं?" पण ती गेली. दर वेळी गेली, कारण रेषा माझी होती.

सरपंच हंबीरराव यांना ते झेपेना. समितीत ते म्हणाले, "बाईंचा भोंगा वाजला की गाव शाळंत, आन् पाणी आपलं नदीत. म्हसरं किती येळा चढवायची?" समितीचा सचिव शिवप्रसाद होता. तो माझा विद्यार्थी, माझ्याच हाताखाली तयार झालेला. लग्नानंतरही तो मला बाईच म्हणतो. त्याने गावात घरोघर जाऊन उगाचच्या पळापळीत कोणाचे काय नुकसान झाले ते विचारले, माझीच पद्धत घेतली आणि रेषा दोन हात वर नेली. मला सांगितले नाही. बाई चिडतील, असे त्याला वाटले म्हणे.

२००५ च्या जुलैत पाणी चढले. भोंगा वाजला तेव्हा ओढ्याचे पाणी खालच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते. भोंग्याचे बटण शिवप्रसादनेच दाबले आणि तो गल्लीकडे धावला. वाटेत त्याच गल्लीतल्या बनाबाईची दोन नातवंडे कट्ट्यावर अडकली होती. त्याने त्यांना खांद्यावर घेऊन टेकावर पोचवले. परत आला तेव्हा गौरव्वाच्या दारातून आत जाता येत नव्हते. शेळी छपरावर होती. गौरव्वा पाणी ओसरल्यावर मिळाली, त्या ओढ्याकडच्या खोलीत. माझ्या रेषेवर भोंगा वाजला असता तर तिला शाळेत जाऊन, विसरलेले काही आणायला परत येऊन, पुन्हा वर जाता आले असते.

गावाने शिवप्रसादचा सत्कार केला. मी गेले आणि पहिल्या रांगेत बसले. त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात बसवून विचारले, "तुझ्या हिशेबात गौरव्वा किती होती?"

तो म्हणाला, "घरटी पाच माणसं धरली होती, बाई. मावशी एकट्या होत्या, पण त्यांच्याही घराला पाचच धरली."

"पाच धरूनही रेषा वर गेली?"

"पाच धरूनही."

मी त्याचे गणित तपासले. त्यात चूक नाही. चूक असती तर मी त्याला कदाचित माफ केले असते. चूक माणसाकडून होते. त्याने बरोबर उत्तर काढले, आणि त्या उत्तरात माझी बहीण मेली.

तेव्हापासून तो जास्तच जपतो. माझे औषध आणतो, रोज सकाळी माझ्या पायांना तेल लावतो. मी लावू देते. त्यामुळे माझे मन बदलेल असे रक्षिताला वाटत होते.

कलम चौथे. हंबीरराव यांना मी काही देत नाही. काही दिले नाही, हे त्यांना रजिस्टर टपालाने कळवावे.

कलम पाचवे. बँकेतील सर्व ठेवी कुंभारवळणच्या भोंग्यासाठी ठेवाव्यात. समितीने रेषा माझ्या मूळ रेषेच्याही एक हात खाली आणली तरच व्याज द्यावे. संघप्रिया कांबळे हिने यावर मला तोंडावर विरोध केला. ती माझी शेवटची विद्यार्थिनी, आणि मला न घाबरणारी एकटीच. ती म्हणाली की एवढ्या खाली रेषा धरली तर भोंगा दर पावसाळ्यात पाच-सहादा वाजेल, लोक उठायचे बंद होतील, आणि खरे पाणी येईल तेव्हा घरातच बसतील. तिचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या मागे त्या गावाने दर पावसाळ्यात भिजत टेक चढावे, एवढीच माझी इच्छा आहे. ज्याला चढायचे नसेल त्याने बसावे.

कलम सहावे. माझी पुस्तके, कॉम्प्युटर आणि टेबल संघप्रियाला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. "बाई, हा सूड आहे," असे ती म्हणाली होती. होय. पण तो कायदेशीर असावा, म्हणून मी तिला नेमते. ती अक्षर न् अक्षर नियमाने पाळील, तिला आवडले नाही तरी.

कलम सातवे. हे मी गेल्या रविवारी मुलीला आणि जावयाला वाचून दाखवले. शिवप्रसादने ऐकून घेतले आणि राहीन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, जणू कोणी त्याला एकदाची शिक्षा सांगितली होती. ते मला आवडले नाही.

मग रक्षिता बोलली. ती मोठ्याने बोलली नाही.

"हे एकटे जाणार नाहीत. मी जाईन. आणि प्रेरणाला इथं कुणापाशी ठेवू? तीपण येईल."

प्रेरणा म्हणजे माझी नात. येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मी म्हटले, अट फक्त त्याच्यावर आहे, पोरीला न्यायची गरज नाही. रक्षिता म्हणाली, "चिक्कव्वा तिथं एकटी होती, आई. मी कुणाला तिथं एकटं सोडणार नाही." आणि उठून भात लावायला गेली.

संघप्रियाने काल पुन्हा येऊन विनंती केली की निदान आता कलम तिसरे काढून टाका. पेन तिनेच माझ्या हातात दिले. मी रात्रभराची मुदत मागितली आणि काम केले. त्या घराचा उंबरा, नदीची गेल्या चाळीस वर्षांची पातळी, आणि प्रेरणा सज्ञान होईपर्यंतचे पावसाळे, एवढे घेऊन ती पातळी उंबरा ओलांडण्याची शक्यता काढली. कलम पाचव्यातली रेषा आणि न उठणारी माणसे हीसुद्धा धरली. पोरगी एकच आहे, म्हणून तिला एकच धरले.

उत्तर आले आहे. ते लहान नाही. ते मी येथे लिहीत नाही, रक्षिताला सांगितलेले नाही, आणि कोणी विचारले तरी सांगणार नाही.

कलम तिसरे कायम.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि पुढील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. त्यांना यातले काहीही मिळणार नाही.

सही: शांतव्वा नागाप्पा हुक्केरी

साक्षीदार:
१. डॉ. प्रभुलिंग शेटे, कोल्हापूर (सही)
२. बाळाबाई गणपती सुतार, शेजारी, कळंबा रस्ता (सही)

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: १४ मार्च २००८