ट्रेबल दहावर

३ फेब्रुवारी, सोमवार
ठोक्याचा फोन. ठोक्या म्हणजे आमच्या कॉलेजच्या बँडचा ड्रमर. तीस वर्षांनी उपरती झाली आहे. आपली जुनी गाणी नीट रेकॉर्ड करायची म्हणतो. ज्यानं त्यानं आपापल्या घरी वाजवून फाइल पाठवायची, जोडाजोड तो करणार. माझ्या वाट्याला शेवटच्या गाण्यातला गिटारचा सोलो. चाळीस सेकंद. मुदत मार्चअखेर.
म्हणजे होम स्टुडिओ आला. बेडरूमचा खिडकीकडचा कोपरा पुरेल.
संकल्प: रोज कामावर जाण्याआधी एक तास वाजवणे.
हिला सांगितलं. ही काहीतरी पुटपुटली. हल्ली पुटपुटतेच. वीस वर्षं पाचवीच्या पोरांना गणित शिकवून घसा बसला असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार
वाजवलं नाही. आधी सामान, मग सराव. उगाच बोटं कशाला झिजवा.
गिटार माळ्यावरून काढली. तारा गंजलेल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार
वाद्यांच्या दुकानात दोन तास. दुकानदार म्हणाला, घरी रेकॉर्ड करायचंय तर अँप कशाला घेता, इंटरफेस घ्या. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, इंटरफेस म्हणजे एक डबी. गिटारची वायर तिच्यात, तिची कॉम्प्युटरमध्ये, आणि अँपचा आवाज सॉफ्टवेअर काढतं. मी म्हटलं, तो आवाज प्लॅस्टिकच्या फुलासारखा. मला खरा अँप हवा, हवा हलली पाहिजे.
त्यानं चार अँप वाजवून दाखवले. चारही पांघरुणाखालून बोलल्यासारखे. ट्रेबल वाढवा म्हटलं, म्हणजे वरच्या सुरांची धार. वाढवला. अजून म्हटलं. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक होतं, ते निघून गेलं. घाईत असावं.
छोटा ट्यूब अँप घेतला, त्याच्यासमोर ठेवायला माइक, हेडफोन, आणि डबीही घेतली कारण माइक शेवटी तिलाच जोडायचा असतो. निघताना दुकानदार म्हणाला, साहेब, कान जपा. गिऱ्हाइकाची एवढी काळजी करणारी माणसं राहिली नाहीत आता.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्टुडिओ तयार. अँप सुरू केला आणि नुसता बसून राहिलो. काहीही न वाजवता सुद्धा अँप सूं-सूं करतात, अशी लोकांची तक्रार असते. माझ्याकडे पूर्ण शांतता. शून्य नॉइज. वायरिंग नीट केलं की असं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पहिला टेक, म्हणजे पहिलं रेकॉर्डिंग. बोटं अडखळली, पण ते चालतं. टोन महत्त्वाचा.
कन्यारत्नाचा आक्षेप. शेजारच्या खोलीत तिचा परीक्षेचा अभ्यास चालतो. म्हणाली, बाबा, ट्रकच्या टायरमधून हवा जातेय असं वाटतंय, आणि मध्येच कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय. आजच्या मुलांना मोबाइलच्या स्पीकरची सवय. खरा आवाज त्यांना टोचतो.
ट्रेबल आठवर.

१६ फेब्रुवारी, रविवार
टेक पाठवला. ठोक्याचं उत्तर: एकदम शार्प आहे रे! मग थोड्या वेळानं: ट्रेबल कितीवर होता? आठवर, असं कळवलं. बरं, म्हणाला.
आता तोही आठवर ठेवणार. ठेवू दे. कला वाटल्यानं कमी होत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
समाधान नाही. वरचे सूर उमलत नाहीत. इंटरनेटवर तीन तास वाचलं. दोष पिकअपचा. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकं. सगळं तिथून सुरू होतं.
सराव उद्यापासून.

२२ फेब्रुवारी, शनिवार
गिटार दुरुस्तीवाल्याकडून पिकअप बदलून घेतले. त्याच्याकडचे सर्वांत तीक्ष्ण. त्यानं स्वतः वाजवून पाहिले आणि डोळे बारीक केले. मी म्हटलं, याहून तीक्ष्ण नाहीत? म्हणाला, याहून तीक्ष्ण हवे असतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा. पत्ता विचारायचा राहिला.
घरी येऊन वाजवून पाहिलं. थोडा फरक. फार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
कारखान्यात एक प्रकार. आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी बनतात. मी शिफ्टचा सुपरवायझर, तेवीस वर्षं त्याच मशिनांशेजारी. कानात बोळे घाला असं मी सगळ्यांना सांगतो. स्वतः घालत नाही, कारण बोळे घातले की मशिनचं दुखणं कळत नाही.
तर मालाचे गठ्ठे उचलणारी गाडी माझ्या पाठीशी येऊन थांबली. वीतभर अंतरावर. चालवणारा खाली उतरला, पांढराफटक. म्हणाला, साहेब, पाच वेळा हॉर्न दिला. मी म्हटलं, हॉर्न बंद पडलाय तुझा. मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनं हॉर्न दाबला. आजूबाजूच्या चौघांनी कानांवर हात ठेवले. चौघंही त्या ड्रायव्हरचे दोस्त आहेत.
तक्रार लेखी दिली. भीती वगैरे वाटली नाही. चहा घेतला.

२ मार्च, रविवार
खोलीतच घोळ होता! पडदे, गाद्या, सतरंजी असलं मऊ सामान ट्रेबल खातं. हे मी वाचलं आहे, मनचं सांगत नाही. सकाळीच पडदे काढले. सतरंजी गुंडाळली. गादी बाहेरच्या खोलीत उभी केली.
ही शाळेच्या वह्या तपासत होती. उठून आली, दारात उभी राहिली, काहीतरी लांबलचक पुटपुटली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल ना. मग मोठ्यानं बोलली, तेवढं नेमकं ऐकू आलं. समोरच्या इमारतीतून आपलं घर दिसतं म्हणाली.
आता ही कन्येच्या खोलीत झोपणार आहे. मी गादीशिवाय. कंबरेला चांगलं असतं.
रिकाम्या खोलीत टेक घेतला. ट्रेबल नऊवर. किंचित उजाडल्यासारखं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार
ठोक्याची अजब मागणी. अँप नको, कोरडा सिग्नल पाठव. म्हणजे गिटार थेट डबीत, तसाच नागडा आवाज, टोन तो तिकडे लावणार. मी म्हटलं, टोन म्हणजे आत्मा. आत्मा पोस्टानं येत नाही. तो म्हणाला, मुदत जवळ आलीय रे. मी म्हटलं, पुठ्ठ्याची खोकी काढायला वेळ लागत नाही, सोलोला लागतो.
सातवा टेक पाठवला. ट्रेबल दहावर. दहाच्या पुढे बटण जात नाही. तपासलं.

११ मार्च, मंगळवार
हिच्या आवाजाचं आता मनावर घेतलं पाहिजे. सकाळी तीनदा विचारलं, काय म्हणालीस, काय म्हणालीस. तिसऱ्यांदा तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: दूध उतू गेलंय. घसा इतका गेलाय की लिहून दाखवायची वेळ आली.
म्हटलं, शनिवारी नाक-कान-घसावाल्याकडे जाऊ, तुझा घसा दाखवू. ती लगेच हो म्हणाली. फोन करून वेळ सुद्धा तिनंच घेतली. बिचारी किती दिवस सोसत होती कोण जाणे.

१५ मार्च, शनिवार
डॉक्टर बाई. हिचा घसा बघायला त्यांना मोजून दहा सेकंद लागली. मग त्यांनी एक कागद तोंडासमोर धरला आणि थांबल्या. मी म्हटलं, कागद बाजूला घ्या, काही विचारताय का. त्या म्हणाल्या, दोनदा विचारून झालं.
मग मला एका काचेच्या खोलीत बसवलं. खोली फार छान. भिंतींना फोम, दार जाड, रेकॉर्डिंगला उत्तम. हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. सूर चढत गेले. नंतर बराच वेळ काहीच वाजलं नाही. काचेपलीकडच्या मुलीला खुणेनं सांगितलं, मशीन बंद पडलंय. तिनं मान हलवली. बंद नव्हतं.
डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ थोडी सरळ जाते आणि मग मोडक्या जिन्यासारखी खाली. दोन्ही कान. कारखान्यात काम का, असं त्यांनीच विचारलं. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या, आहे ते सांभाळायचं. कानात मशीन लावायला सांगितलं.
मी हेडफोन कुठल्या कंपनीचे ते विचारलं.
रस्त्यात ही एक शब्द बोलली नाही. की बोलली, ते आता सांगता येणार नाही.

१६ मार्च, रविवार
वाईट वाटायला हवं होतं. वाट पाहिली. नाही वाटलं.
हिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. समोर येऊन, हळूहळू, तोंड दिसेल असं म्हणाली, दोन वर्षं. म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगत होते की हो. रोज.
तरी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं म्हणतो. कालच्या बाईंचे हेडफोन साधेच होते.

१९ मार्च, बुधवार
सातवा टेक कॉम्प्युटरवर उघडला. एक सोय असते, आवाजाचा आलेख दिसतो, कुठला सूर किती तो. कधी पाहिला नव्हता, कानांवर विश्वास होता. डावीकडे खालचे सूर, तिथं टेकडी, आणि उजवीकडे सगळ्यांत वरचे सूर, तिथं भिंत. मी एकही सूर छेडत नाही तिथंही ती भिंत तशीच. तेच ते सूं-सूं.
हेच ठोक्या गेला महिनाभर ऐकत होता आणि शार्प म्हणत होता. हेच कन्या भिंतीपलीकडून.
अँप बंद केला. चालू होता तेव्हा आणि बंद झाल्यावर, मला दोन्ही सारखंच.
पडदे परत लावले. गादी आत आणली. ही अजून कन्येच्याच खोलीत आहे, तिची परीक्षा होईपर्यंत म्हणते.

२२ मार्च, शनिवार
ठोक्याला कोरडा सिग्नल देतो म्हणून कळवलं. कारण लिहिलं नाही, अँप बिघडलाय लिहिलं. बिचारा अँप.
गिटारची वायर कन्येनं डबीत घातली, पातळी तिनंच लावली. मी फक्त वाजवायचं. आधी बोटांनी घोळ घातला, दीड महिना सराव उद्यावरच ठेवला होता. अकराव्या वेळेला सलग झालं. ती म्हणाली, बास, हा मस्त झाला. मी म्हटलं, टोन कसा आहे. ती म्हणाली, बाबा, टोन नाहीच आहे अजून, नुसतं वाजवणं आहे.
पाठवलं. अर्ध्या तासात सगळं संपलं. सामान कशाला आणलं होतं असं हिनं विचारलं नाही.

२६ मार्च, बुधवार
रिपोर्ट कारखान्यात दिला. द्यायचा नव्हता. पण तो गाडीवाला रोज सकाळी मला लांबूनच हात करतो, आणि मी बघेपर्यंत गाडी हलवत नाही. माझी लेखी तक्रार परत मागितली. ती फाइलला लागली आहे, निघत नाही.
पहिल्या तारखेपासून गोदामात बदली. मोजणी आणि शिक्के. साहेब म्हणाले, शांत जागा आहे. मी म्हटलं, बरं.
कानांच्या मशीनसाठी मापही देऊन आलो. यायला तीन आठवडे. लावणारच असं नाही, पण माप दिलेलं बरं.

५ एप्रिल, शनिवार
गाणं आलं. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत दोघींना बसवलं. ही वह्या ठेवून आली. कन्येनं चांगले स्पीकर जोडले.
साडेचार मिनिटांचं गाणं. सोलो तीन मिनिटांनंतर, ते मला पाठ आहे. आधीचं सगळं एकमेकांत कालवल्यासारखं ऐकू येत होतं, पण ढोल कळत होता, त्यावर मोजत राहिलो. जागा आली तसे डोळे मिटले. आणि लागला. स्वच्छ. भरीव. एकेक सूर सुटा. बोटं मांडीवर आपोआप चालली. इतकं चांगलं मी कधी वाजवलंच नव्हतं. कोरड्या सिग्नलमधून सुद्धा हात ओळखू येतो, असं मनात म्हटलं.
डोळे उघडले तर दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग एकमेकींकडे. कन्या जवळ येऊन बसली, तोंड दिसेल अशी, आणि म्हणाली, बाबा, हा कीबोर्ड आहे. तुझं मघाशीच झालं.
ठोक्याला फोन लावून तिनंच विचारलं. माझी नीट फाइल येईना म्हणून त्यानं सोलो कीबोर्डवाल्याकडून आधीच वाजवून घेतला होता. माझा शेवटी आला, तो दुसऱ्या कडव्याच्या मागे बसवला. बारीक आवाजात, पण आहे. सांगणार होता, राहून गेलं म्हणाला.
ही म्हणाली, पुन्हा लावू या, दुसऱ्या कडव्यापाशी मी खूण करते.
नको म्हटलं.
दोघींनी सांगितलं, ठोक्यानंही फोनवर सांगितलं. मी चांगलं वाजवलंय म्हणे.